एकच प्याला आणि अनेक बंद दारे

काही साहित्यकृतींना त्यांचे नावच बाधक ठरते. नाव इतके नेमके असते आणि लोकांच्या तोंडी इतक्या लवकर बसते, की पुढे कृती वाचण्याची गरजच कोणास भासत नाही. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचे असेच झाले आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले. त्यानंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनी त्या काळच्या प्रेक्षकांस रडविले. आज शतक उलटून गेले आहे. ज्यांनी नाटक पाहिले नाही, वाचले नाही, त्यांच्याही तोंडी त्याचे नाव आहे, आणि त्या नावाचा एक ठराविक अर्थ आहे : पहिला प्याला ओठांस लागला की माणूस संपला, त्याला परतीची वाट नाही.

नाटकाचा हा अर्थ अपुरा आहे, आणि आजच्या काळी तो घातकही ठरू लागला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे पुढे मांडतो.

हा विषय इंदुरात बसून काढण्यास निमित्त आहे. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने या नगरीने पाहिली. होळकरांच्या या राजधानीत मराठी नाटकास जो मान मिळाला, तो महाराष्ट्राबाहेर फार थोड्या ठिकाणी मिळाला असेल. परंतु अलीकडे इंदूरचे आणि माळव्याचे नाव वृत्तपत्रांत निराळ्याच कारणांनी येते. सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने इंदुरातील एका बेकायदा प्रयोगशाळेतून फेंटानिल हे अत्यंत जालीम वेदनाशामक द्रव्य कित्येक किलो जप्त केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर छापा पडला आणि तेथे सुमारे ९०७ किलो मेफेड्रोन सापडले. यालाच तरुण मंडळी ‘एम. डी.’ म्हणतात. महाराष्ट्रानेही यापूर्वी असा प्रकार पाहिला होता. २०१६ साली ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका औषध कारखान्यातून सुमारे साडेअठरा टन एफेड्रिन जप्त केले. एफेड्रिनपासून मेथाम्फेटामाइन तयार करतात. स्फटिकरूपात ते ‘क्रिस्टल’ किंवा ‘आईस’ या नावांनी विकले जाते. मेफेड्रोन हे मेथाम्फेटामाइन नव्हे. परंतु दोन्ही एकाच उत्तेजक कुळातली आहेत. झोप, भूक आणि थकवा यांना काही काळ हद्दपार करणे आणि मग त्या साऱ्यांची व्याजासह वसुली करणे, हा दोहोंचा धर्म आहे.

अशी बातमी आली की सभांतून, वर्गांतून आणि कीर्तनांतूनही गडकऱ्यांची आठवण निघते. ‘दारूचा एकच प्याला होता, आता एकच पुडी आहे’ असे कोणी म्हणतो आणि श्रोते माना डोलावतात. परंतु या वाक्याचे काम नुसते सावध करण्यापुरते थांबत नाही. ज्याने पुडी घेतली आहे आणि जो त्याच सभेत मागच्या रांगेत बसला आहे, त्याला ते सांगते की तू आता आमच्या हिशेबातून गेलास.

एक योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. मेथाम्फेटामाइन प्रथम १८९३ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी सिद्ध केले, आणि त्याचे स्फटिक अकिरा ओगाता यांनी तयार केले ते १९१९ साली, म्हणजे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला त्याच वर्षी. या पदार्थाची पुढची कीर्ती पाहण्यासारखी आहे. १९३८ पासून जर्मनीत ‘पेर्विटिन’ या नावाने त्याच्या गोळ्या औषध म्हणून विकल्या गेल्या. जपानात ‘फिलोपॉन’ या नावाने तोच पदार्थ थकवा घालविणारा म्हणून प्रतिष्ठा पावला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी तो घेतला, रात्रपाळीच्या कामगारांनी घेतला. तेव्हा तो उद्योगी माणसाचा सोबती होता. युद्ध संपले, व्यसनाधीनांची संख्या डोळ्यांत भरू लागली, आणि १९५१ साली जपानने कायदा करून त्यास बंदी घातली. पदार्थाचे रसायन तेच राहिले. घेणाऱ्याचे सामाजिक स्थान बदलले आणि त्याबरोबर पदार्थाची कीर्तीही बदलली.

हे समजून घेण्यास आम्हां माळवेकरांना जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू चीनच्या बाजारात जात होती. इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांवर तिचे सौदे होत, संस्थानांच्या तिजोरीत तिचा महसूल जमा होई, आणि कंपनी सरकारने वाट अडवली तेव्हा तीच अफू पोर्तुगिजांच्या दमणमार्गे निघे. गोमंतकीय वाचकांस हे सांगणे अप्रस्तुत होणार नाही की पणजीच्या म्हामाय कामत या सारस्वत व्यापारी घराण्याच्या दप्तरांत अफूच्या व्यवहाराचे कागद इतिहाससंशोधकांस मिळाले आहेत. त्या काळी हा उघड आणि मान्य व्यापार होता. आजच्या दृष्टीने पूर्वजांस दोष देण्याचा येथे हेतू नाही. सांगायचे ते एवढेच की विकणाऱ्यास शेट म्हणावे आणि ओढणाऱ्यास अफीमबाज म्हणावे, ही वाटणी फार जुनी आहे, आणि ती पदार्थाच्या गुणदोषांवरून झालेली नाही.

आता नाटकाकडे वळू. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद सहा महिन्यांपुरती जाते. हा अपमान त्याला सोसत नाही. अशा वेळी तळीराम दुःख विसरण्याचा उपाय म्हणून प्याला पुढे करतो. म्हणजे गडकऱ्यांनी पहिल्या प्याल्याच्याही आधी एक गोष्ट घडविली आहे : माणसाच्या हातचे काम गेले आणि त्याचा मान गेला. प्याला त्या पोकळीत येतो. मद्याचे सामर्थ्य गडकरी कमी लेखत नाहीत. परंतु ते सामर्थ्य कोठे पाय रोवते हेही ते दाखवितात. केवळ नाव लक्षात ठेवणारा प्रेक्षक हा पहिला भाग विसरतो.

दुसरी गोष्ट तळीरामाच्या आजारपणाची. त्याच्या खाटेशी वैद्य आणि डॉक्टर यांची जी जुंपते, ती पाहून प्रेक्षक पोट धरून हसतात. हसावे असाच तो प्रवेश आहे. परंतु हसून झाल्यावर ध्यानात येते की संपूर्ण नाटकात व्यसनाधीन माणसाच्या अंथरुणाशी वैद्यकशास्त्र येते ते एवढेच, आणि तेही भांडायला. सुधाकराच्या वाट्याला उपदेश येतो, अश्रू येतात, शपथा येतात. उपचार येत नाही. १९१९ साली तो फारसा उपलब्धच नव्हता, हे खरे. पण मग या नाटकावरून ‘उपाय नाही’ असा सार्वकालिक निष्कर्ष काढणे म्हणजे त्या काळच्या उणिवेस मनुष्यस्वभावाचा नियम मानणे होय.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत विसरलेली. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो. तो परतीच्या वाटेस लागतो. प्रतिष्ठितांच्या दारी काम मागावयास जातो, आणि तेथे त्याच्या पदरी अवहेलना पडते. कालचा दारुडा आज शुद्धीवर आला, यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. तेथून तो जो वळतो तो पुन्हा प्याल्याकडे, आणि या वेळी कायमचा. पहिल्या प्याल्याने त्यास उंबरठ्याबाहेर नेले हे खरे. परंतु तो परत उंबरठ्याशी आला असता दार लावून घेतले ते सभ्य गृहस्थांनी. मद्यपानाच्या नाटकात गडकऱ्यांनी एकही प्याला न दाखविता दारूइतकाच संहारक असा हा प्रवेश लिहिला आहे. नाटकाचे नाव ‘एकच प्याला’ आहे, पण त्याची शोकांतिका या दुसऱ्या वळणावर ठरते.

आणि मग सिंधू. टीकाकारांनी सिंधूवर पुष्कळ लिहिले आहे. कोणी तिला पातिव्रत्याची मूर्ती म्हटले, कोणी तिच्या सोशिकपणावर रोष धरला. दोन्ही पक्ष तिच्या स्वभावाविषयी बोलतात. तिच्याभोवतीच्या रचनेकडे पाहिले तर निराळेच दिसते. न्यायालयाचे दार बंद, स्नेह्यांचे बंद, कामाचे बंद, वैद्याचे असून नसल्यासारखे. उघडे राहिलेले एकच दार म्हणजे सिंधूचे. म्हणून सुधाकराचा सारा भार त्या एका दारावर येऊन आदळतो. ती दळणे दळते, माहेरचे साहाय्य नाकारते, उपाशी राहते. शेवटी दारूच्या धुंदीतल्या सुधाकराच्या हातून काठीचा तडाखा बसतो आणि मूल जाते. ती स्वतः मरणाच्या दारी पोहोचते, आणि तरीही पोलिसांपुढे खोटे बोलून त्यास वाचवू पाहते. जी जबाबदारी दहा जणांनी वाटून घ्यावयाची, ती एका बाईने एकटीने घेतली. तिचा शेवट असाच होणार. सिंधूच्या थोरवीचे पोवाडे गाताना आपण स्वतःचे बंद दार झाकून घेत असतो, हे फारसे कोणाच्या मनात येत नाही.

नाटकाच्या शेवटी सुधाकर दारूत रसकापूर घालून पितो. हा शेवट पाहताना आमच्या परंपरेतील एक जुनी तरतूद आठवते. सुरापान हे महापातकांत गणलेले. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्यावर प्रायश्चित्त सांगितले आहे ते असे, की पातक्याने तापलेली सुरा पिऊन देह टाकावा. ज्या द्रव्याने पाप, त्याच द्रव्याने मरण. गडकऱ्यांच्या मनात हे होते की नाही ते सांगता येणार नाही. परंतु सुधाकराचा अखेरचा प्याला त्याच विचाराच्या वाटेने जातो, आणि प्रेक्षकास तो शेवट ‘योग्य’ वाटतो तो त्या जुन्या संस्कारामुळे, असे आम्हांस वाटते.

परंतु परंपरेत एवढेच नाही. इंदुराहून दीड-दोन तासांच्या वाटेवर उज्जैनीस काळभैरवास मद्याचाच नैवेद्य दाखवितात, हे प्रत्येक यात्रेकरू जाणतो. आणि भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ तर आमच्या कीर्तनकारांचा नित्याचा विषय आहे. जुगार, चोरी, फसवणूक यांवर जगलेला हा ब्राह्मण मरणसमयी भयाने धाकट्या मुलास ‘नारायण’ म्हणून हाक मारतो आणि विष्णुदूत धावून येतात. यमदूतांशी वाद घालताना ते नामाने तरणाऱ्या पातक्यांची जी यादी सांगतात, तीत सुरापान करणाराही आहे. कीर्तनात येथे नामाचा महिमा सांगतात, ते रास्तच. पण कथेतील पुढची गोष्ट सहसा घाईने आटोपली जाते. अजामिळ त्या क्षणी वैकुंठास जात नाही. तो वाचतो, शुद्धीवर येतो, पश्चात्ताप करतो, गंगाद्वारी जाऊन राहतो, आणि मग त्याचा उद्धार होतो. विष्णुदूतांनी त्यास प्रथम काय दिले? अवधी दिला. ‘आधी सुधार, मग वाचवितो’ अशी अट त्यांनी घातली नाही. आधी वाचविले, सुधारणे त्यामागून आले.

आजचे वैद्यक ज्यास व्यसनाची हानी कमी करण्याचा मार्ग म्हणते, त्याचे मूळ सूत्र हेच आहे. माणूस आज व्यसन सोडण्यास तयार नसेल, तरी तो उद्यापर्यंत जिवंत राहावा. मेथाम्फेटामाइनच्या बाबतीत याचा अर्थ अगदी साधा आहे. या द्रव्याने हृदयावर ताण येतो, रक्तदाब चढतो, अंगाचा ताप धोक्याच्या पातळीस जातो. दिवसेंदिवस झोप नसल्याने भास आणि संशय जडतात. म्हणून छातीत दुखू लागले, अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर तात्काळ रुग्णालय गाठावे, पोलिसांच्या भयाने घरी लपवू नये. पाणी, अन्न आणि झोप यांची सोय असावी; दारूबरोबर ते घेऊ नये; सुई कोणाचीही वापरू नये. अफूवर्गीय व्यसनांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात स्वच्छ सुया आणि पर्यायी औषधे देण्याची व्यवस्था आपल्या देशात झालेलीच आहे. मेथाम्फेटामाइनवर तसे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. परंतु नियमित समुपदेशन, आणि तपासणीत द्रव्याचा अंश न आढळल्यास लहानसे बक्षीस देण्याची पद्धत, यांनी पुष्कळ जण सावरतात असे अनुभवास आले आहे. परतीची वाट आहे. ती लांब आहे, मध्ये घसरणे आहे, पण आहे.

उलट बाजूचा प्रयोगही झालेला आहे. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात २००५ साली या द्रव्याविरुद्ध मोठी जाहिरात-मोहीम निघाली. तिचे घोषवाक्य होते ‘एकदाही नको’. विद्रूप चेहरे, कुजलेले दात, घरोघरी अत्याचार, अशी भयानक दृश्ये तरुणांपुढे ठेवण्यात आली. पुढे अभ्यासकांनी आकडे तपासले, तेव्हा आधीपासून चालू असलेल्या घटीपलीकडे मोहिमेचा म्हणून वेगळा परिणाम त्यांस आढळला नाही. सावधगिरीचा इशारा असू नये असे कोणी म्हणणार नाही. ज्याने एकदाही घेतले नाही त्याला तो उपयोगी आहे. ज्याने घेतले आहे, त्याच्यासाठी त्यात एकही शब्द नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. ‘दार उघडे ठेवा म्हणता, पण त्या दारातून काठी घेऊन तोच आत येतो, सिंधूने आणि तिच्या मुलाने आणखी किती सोसावे?’ याचे उत्तर नाटकातच आहे. उघडे असावयास हवे ते समाजाचे दार. सिंधूवर मात्र ते उघडे ठेवण्याची सक्ती असू नये. पहिली कमी करावयाची हानी म्हणजे त्या घरातल्या बाईची आणि मुलाची. सिंधू भावाच्या घरी सुरक्षित असती आणि सुधाकरास काम, वैद्य व दोन विश्वासू माणसे मिळाली असती, तर कदाचित दोघेही वाचते. सिंधूस घरात राहण्याचा उपदेश करून सुधाकरास बाहेर हाकलणारा समाज दोघांचाही घात करतो.

महाराष्ट्रात या विचारास एक ठोस रूप मिळाले ते १९८६ साली. अनिल अवचटांनी ‘गर्द’च्या व्यसनावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी साहाय्य देऊ केले; आणि डॉ. सुनंदा अवचटांच्या पुढाकाराने पुण्यास ‘मुक्तांगण’ उभे राहिले. व्यसन हा आजार आहे आणि आजारी माणसास मानाने वागवावे, ही तेथील भूमिका. मराठी साहित्याने १९१९ मध्ये जो प्रश्न अश्रूंत सोडला, त्यास मराठी साहित्यिकांनीच सदुसष्ट वर्षांनी कृतीने उत्तर दिले, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

तथापि दार अद्याप अरुंदच आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही तरी उपचार मिळतो. त्याच पाहणीत मेथाम्फेटामाइनच्या वर्गातील उत्तेजके घेणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या ०.१८ टक्के होते, तर दारू घेणाऱ्यांचे १४.६ टक्के. नव्या पुडीच्या भयाने जुना प्याला विसरू नये, एवढे या आकड्यांवरून कळते. कायदाही अगदी निर्दय नाही. अमली द्रव्यांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. अल्प प्रमाणात द्रव्य बाळगणाऱ्या किंवा सेवन करणाऱ्या व्यसनाधीनाने शासकीय वा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतल्यास त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. येथे कायदाही सुधाकराच्या स्नेह्यांसारखाच, दुसऱ्यांदा घसरणाऱ्याविषयी साशंक आहे. केंद्र शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक कोणीही लावू शकतो. पण तो आपल्या किती देवस्थानांच्या फलकावर लिहिलेला आहे?

हा प्रश्न मी मुद्दाम येथे विचारीत आहे. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर आदी धर्मक्षेत्री दारूची विक्री बंद झाली. भाविकांनी त्याचे स्वागत केले, आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु दुकान बंद करणे हे शासनाचे काम; दार उघडणे हे आपले. मंदिरात उत्सव असतो, अन्नछत्र असते, सेवेकऱ्यांची गरज असते. व्यसनातून उठू पाहणाऱ्या तरुणास तेथे काही काम देता येईल. त्याच्या पत्नीस आणि मुलांस काही दिवस निवारा देता येईल. विश्वस्तांच्या ओळखीतील एखादा डॉक्टर महिन्यातून एकदा धर्मशाळेत बसू शकेल. यांतले काहीही शास्त्राविरुद्ध नाही.

‘एकच प्याला’ हे थोर नाटक आहे. त्यातले काही प्रवेश आज लांबलेले वाटतात, अलंकारिक भाषेचा सोस कोठे कोठे जड होतो, आणि सिंधूचा त्याग गडकऱ्यांनी जरा जास्तच उजळून दाखविला आहे. तरीही ज्या प्रामाणिकपणाने त्यांनी सुधाकरास काम मागावयास पाठविले आणि रिकाम्या हाती परत आणले, त्या प्रामाणिकपणामुळे हे नाटक त्याच्या नावापेक्षा मोठे ठरते. पुढच्या खेपेस ते कोणी इंदुरात किंवा गोव्यात लावील, तेव्हा वाचकांनी त्या प्रवेशाकडे लक्ष ठेवावे. त्या दारापलीकडे जे सभ्य गृहस्थ उभे आहेत, त्यांचा पोशाख बदलला असला तरी ते आपल्या परिचयाचेच आहेत.